दोन महिन्यांपूर्वीचा मुरूम

मे महिन्यात आमच्याकडे आमरसाची वाटी आणि मुरुमांविषयीचा उपदेश एकाच वेळी पानात पडतो. "आंबा उष्ण, बेतानं खा, नाहीतर उद्या तोंड भरेल," हे मी आजीकडून ऐकले, आईकडून ऐकले, आणि आता माझी बहीण तेच आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला ऐकवते. भाची वाटी बाजूला सारते, आणि दोन दिवसांनी हनुवटीवर एक लालसर फोड दिसला की आंब्यावरचा आरोप पुन्हा एकदा सिद्ध झाला असे सगळे मानतात. या सांगण्यात आंब्यावर अन्याय होतो की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. त्यात काळाचा जो हिशेब गृहीत धरलेला असतो, तो मुळातच चुकलेला आहे, आणि मुरूम येणाऱ्या त्वचेचे आपल्या घरांत जे हाल होतात त्यांतले बरेचसे या चुकलेल्या हिशेबातून येतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

मुरूम एका रात्रीत उगवत नाही. त्वचेवरच्या केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांच्या प्रभावाने ती मोठी होते आणि जास्त तेल स्रवू लागते. त्याच सुमारास त्या छिद्राच्या आतल्या भिंतीवरच्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात आणि छिद्राच्या तोंडाशी एक बारीकसे बूच बसते. हे बूच डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, आरशात तर अजिबात कळत नाही. आत तेल साचत जाते. त्या तेलावर जगणारे, एरवी प्रत्येकाच्याच त्वचेवर असणारे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू तिथे वाढतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा चाळवली जाते आणि दाह वाढतो. न दिसणाऱ्या त्या बुचापासून दिसणाऱ्या फोडापर्यंतचा प्रवास कित्येक आठवड्यांचा असतो. अनेकदा तो दोन महिन्यांच्या आसपास जातो. म्हणजे मेमध्ये हनुवटीवर दिसलेल्या मुरुमाची सुरुवात बहुधा मार्चमध्येच झालेली असते, जेव्हा घरात आंबा आलेलाही नव्हता आणि भाची दहावीच्या परीक्षेला बसली होती. परीक्षेचा उल्लेख मी सहज करत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २००३ साली २२ विद्यार्थ्यांचे निरीक्षण झाले, तेव्हा परीक्षेच्या काळात त्यांचे मुरूम वाढल्याचे आणि ही वाढ मनावरच्या ताणाशी जुळत असल्याचे आढळले होते.

आपण मात्र कारण कालच्या जेवणात शोधतो आणि गुण उद्याच्या सकाळी मागतो. शोध घेणारे शास्त्रज्ञही या बाबतीत कधी कधी घाई करून गेले आहेत. चॉकलेटने मुरूम येतात का, हे तपासणारा एक प्रयोग १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात ६५ जण होते. त्यांपैकी ३५ तुरुंगातील कैदी होते, आणि हे वाचताना आजही अस्वस्थ वाटते. त्यांना चार आठवडे चॉकलेटची वडी आणि चार आठवडे चॉकलेट नसलेली वडी खायला दिली, मुरुमांत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि ‘खाण्याचा मुरुमांशी संबंध नाही’ हे वाक्य पुढची कित्येक वर्षे डॉक्टर रुग्णांना सांगत राहिले. पण तुलनेसाठी दिलेल्या त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तेवढेच होते, आणि ज्या दोषाला वर यायला दोन-दोन महिने लागू शकतात त्याला चार आठवड्यांत पकडायला निघणे हेच मुळात धाडसाचे होते. पुढे ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वर्षांच्या ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ ज्यांनी कमी केले, त्यांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. त्यांचे वजनही घटले होते, त्यामुळे श्रेय नेमके कशाला द्यायचे हा प्रश्न उरतोच. तरीही गोड पेये, मैद्याची बिस्किटे, पाव आणि सतत काहीतरी गोड तोंडात टाकण्याची सवय यांच्याकडे बोट दाखवायला त्याने बऱ्यापैकी आधार मिळाला. दुधाचा संबंधही काही पाहण्यांत दिसला आहे, पण तो तितका पक्का नाही. आंब्याविरुद्ध वेगळा असा पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही. मे महिन्यात घाम असतो, लग्नसराई असते, चेहऱ्यावर मेकअपचे थर असतात, आणि या सगळ्यांच्या शेजारी आंबा असतो, म्हणून तो पकडला जातो. भाचीने वाटीभर आमरस खावा, वरून साखर घालू नये, इतकेच मी बहिणीला सांगते.

घरगुती उपायांच्या बाबतीत याच हिशेबाची दुसरी बाजू दिसते. आजीचा उपाय जायफळाचा होता. सहाण पाण्याने धुऊन ती त्यावर दुधाचे चार थेंब टाकायची, जायफळ गोल गोल फिरवत उगाळायची, आणि तपकिरी गंध झाले की करंगळीच्या टोकाने ते माझ्या गालावरच्या एकेका फोडावर ठेवायची. वाळताना त्वचा ओढली जायची, जरा चुणचुणायचे, आणि चार-पाच दिवसांत तो फोड बसायचा. जायफळाचा गुण आला, असे सगळे म्हणायचे. परंतु साधा दाहयुक्त फोड काहीही न लावता सुद्धा बहुतेक वेळा आठवड्याभरात बसतोच. जायफळाला मिळालेले श्रेय शरीराच्या स्वतःच्या दुरुस्तीचे होते, आणि शेजारी तयार होत असलेल्या, अजून न दिसणाऱ्या दहा बुचांवर त्या गंधाचा काही परिणाम होत नव्हता. आजीच्या मायेने लावलेल्या त्या गंधाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. फार तर त्वचा कोरडी व्हायची, क्वचित कुणाला पुरळ उठायचे.

आजच्या पिढीने घरगुती या नावाखाली जे सुरू केले आहे, त्याची मला अधिक काळजी वाटते. लिंबाचा रस थेट चेहऱ्यावर चोळणे, खायचा सोडा लावणे, फोडावर टूथपेस्ट थापून रात्रभर ठेवणे, हे सगळे मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींतून घराघरांत पोहोचले आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू, म्हणजे आम्लता मोजणारा pH, साधारण पाचच्या आसपास असतो. लिंबाचा रस दोन-अडीचच्या घरात, तर अंगाचा नेहमीचा साबण नऊ ते दहाच्या घरात जातो. या दोन टोकांमध्ये त्वचेला रोज हेलपाटे घालायला लावले की तिचे बाहेरचे संरक्षक आवरण विस्कटते, पाणी उडून जाते, आग होते, आणि दाह आधीच असलेल्या जागी नवा दाह येऊन बसतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे पट्टे उमटू शकतात, आणि ते जाता जात नाहीत. डाळीचे पीठ, चंदन, मुलतानी माती यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवाळीच्या पहाटे उटणे लावून कोणाच्या चेहऱ्याचे नुकसान झालेले मी पाहिले नाही. मात्र सुजलेल्या फोडांवर कोणतीही भरड रोज घासली जाऊ नये.

घासण्याची ही ओढ कुठून येते, तर मुरूम म्हणजे अस्वच्छता या समजुतीतून. नाकावरच्या ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा वाटतो. तो मळ नसतो. उघड्या तोंडाच्या छिद्रात अडकलेल्या पदार्थातील मेलॅनिन आणि हवेच्या संपर्कात आलेले तेल यांमुळे तो रंग येतो, आणि कितीही साबण लावला तरी तो धुऊन जात नाही. वर्गात ज्या मुलामुलींना "तोंड धूत नाहीस का?" असे विचारले जाते, ती बहुधा इतरांपेक्षा जास्त वेळा तोंड धुणारी असतात. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने, बोटांनी, कोमट किंवा साध्या पाण्याने धुणे पुरते. घाम खूप आला तर आणखी एकदा. पार्लरमध्ये वाफ देऊन लोखंडी कडीने ब्लॅकहेड दाबून काढण्याचा जो प्रकार चालतो, त्यात दाब चुकला की छिद्राची भिंत आतून फुटते आणि आठवड्याभराने तिथेच मोठी गाठ येते. दुखले म्हणजे साफ झाले, असे मानून पैसे देऊन बाहेर पडणाऱ्या मुली पाहिल्या की मला वाईट वाटते.

भाचीच्या कपाळाकडे एकदा खिडकीच्या उजेडात नीट पाहिले, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. गालावरचे फोड लाल आणि विखुरलेले होते, पण कपाळावर, केसांच्या रेषेला लागून, त्वचेच्याच रंगाच्या बारीक पुटकुळ्यांची जणू एक किनार होती, आणि ती नेमकी तिथपर्यंतच पोहोचत होती जिथपर्यंत रात्री चोपडलेले खोबरेल तेल उशीवर पसरून येते. केसांना लावायच्या तेलकट पदार्थांमुळे कपाळावर येणाऱ्या अशा पुटकुळ्यांचे वर्णन १९७० सालीच वैद्यकीय लिखाणात झालेले आहे. आमच्या घरात तेल बंद करा म्हणणे म्हणजे आजीच्या साऱ्या संस्कारांवर पाणी सोडणे, म्हणून तोडगा असा निघाला की तेल रात्रभर न ठेवता न्हाण्याआधी तासभर लावायचे, कपाळावर येऊ द्यायचे नाही, आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलायचा. दुसरी गोष्ट स्कार्फची. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली धूळ आणि ऊन टाळण्यासाठी नाकापासून हनुवटीपर्यंत ओढणी घट्ट गुंडाळून मागे गाठ मारतात. ऊन टळते हे खरेच आहे, परंतु आत घाम, श्वासाची वाफ आणि कापडाचे घर्षण यांचा जाच तासन्‌तास चालतो. अमेरिकेतल्या फुटबॉल खेळाडूंच्या हनुवटीवर हेल्मेटच्या पट्ट्याखाली येणारे मुरूम असेच घर्षणाचे असतात, आणि २०२० नंतर मास्कने जगभर तोच अनुभव दिला. भाचीचा स्कार्फ आठवड्याचे सहा दिवस एकच असे, न धुतलेला. आता दोन-तीन सुती स्कार्फ आलटून पालटून धुतले जातात आणि गाठ पूर्वीपेक्षा सैल असते.

सवयींनी इतके होते. त्यापुढे औषध लागते, आणि ते लागते हे मान्य करण्यात कमीपणा नाही. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भाचीला दोन गोष्टी दिल्या. सकाळी २.५ टक्क्यांचे बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्री ०.१ टक्क्याचे ॲडापलीन. पहिले औषध जिवाणूंना मारते आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही. तीव्रता जास्त तर गुण जास्त, ही आपली समजूत इथे टिकत नाही, कारण दाहयुक्त मुरुमांवर २.५ टक्के, ५ टक्के आणि १० टक्के यांचा परिणाम जवळपास सारखाच असल्याचे १९८६ साली दाखवले गेले आहे. वाढते ती फक्त आग आणि कोरडेपणा. त्याचा एक गुण मात्र कुणी आधी सांगत नाही, तो म्हणजे ते कापडाचा रंग खाते. बहिणीच्या मरून टॉवेलवर दोन आठवड्यांत फिकट नारिंगी ठिपके पडले आणि धोब्यावर उगाचच संशय घेतला गेला.

दुसरे औषध, ॲडापलीन, अ जीवनसत्त्वाच्या कुळातले आहे, आणि त्याचे काम नेमके त्या न दिसणाऱ्या बुचावर चालते. म्हणूनच ते फोडावर ठिपक्यासारखे लावायचे नसते. वाटाण्याएवढे घेऊन, कोरड्या चेहऱ्यावर, डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे सोडून सगळीकडे पातळ पसरायचे असते. सुरुवातीला एक दिवसाआड लावायचे, वरून साधे मॉइश्चरायझर लावायचे. तेलकट चेहऱ्याला आणखी मॉइश्चरायझर कशाला, असे बहिणीने विचारलेच. परंतु तेल असणे आणि ओलावा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोरडी पडून सोलणारी त्वचा औषध सहन करू शकत नाही. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा लालसर होते, बारीक साले निघतात, क्वचित मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. "मावशी, पंधरा दिवस झाले, काही म्हणता काही फरक नाही, उलट जास्तच वाटतंय," असा भाचीचा फोन आला तो याच टप्प्यावर. बहुतेक घरांत ट्यूब इथेच कपाटात जाते, कारण मोजमाप आठवड्याचे असते आणि औषधाचे काम दोन-तीन महिन्यांचे. मी तिला इतकेच सांगितले, की तुझ्या चेहऱ्यावर आज जे वर येत आहे ते हे औषध सुरू होण्याआधीच आत तयार झालेले होते. या औषधाने अडवलेले मुरूम तुला कधीच दिसणार नाहीत, म्हणून त्याची परीक्षा बाराव्या आठवड्याआधी घ्यायची नाही.

ज्यांना थांबायला वेळ नाही, त्यांच्यासाठी बाजारात एक भयंकर सापळा आहे. लग्न महिन्यावर आले आहे, केळवणे सुरू आहेत, फोटो काढायचे आहेत, आणि मेडिकलमध्ये "तोंडावरचे डाग आणि पिंपल जाणारी क्रीम द्या" म्हटले की पन्नास-शंभर रुपयांची एक ट्यूब हातात पडते. तिच्यात स्टेरॉइड असते. कधी एकटे, कधी रंग फिकट करणारे हायड्रोक्विनोन आणि अ जीवनसत्त्वाच्या कुळातले ट्रेटिनॉइन यांच्याबरोबर. वांगावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांसाठी वापरायचे हे मिश्रण आपल्याकडे गोरेपणाची क्रीम म्हणून रोज चोपडले जाते. स्टेरॉइडने दाह चार दिवसांत दबतो, रक्तवाहिन्या आकसून चेहरा उजळ दिसतो, आणि घरातले सगळे त्या ट्यूबचे नाव विचारून घेतात. काही आठवड्यांनंतर त्वचा पातळ होऊ लागते, गालांवर तांबड्या शिरा दिसतात, लव वाढते, स्टेरॉइडचेच वेगळे मुरूम एकसारखे उठतात. आणि ट्यूब बंद केली की चेहरा लालबुंद होऊन अशी आग होते की माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. भारतातील अनेक शहरांतल्या त्वचारोग विभागांनी मिळून केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरीही ती मिळतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहते. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिले आहे का, एवढे प्रत्येक आईने वाचायला शिकावे. नवरीच्या हातांवर मेंदी नीट रंगावी म्हणून आपण रात्रभर जागतो, तर तिच्या चेहऱ्यावर काय चोपडले जाते हे वाचायला दोन मिनिटे देणे अवघड नाही.

मुरूम गेल्यावर जे मागे राहते, त्यात डाग आणि खड्डा हे दोन प्रकार लोक एकच समजतात. आपल्यासारख्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत दाह झाला की मेलॅनिन जास्त तयार होते आणि तपकिरी डाग पडतो. तो महिन्यांच्या हिशेबाने फिकट होतो, रोज सनस्क्रीन लावले तर लवकर, उन्हात तसेच फिरले तर फार उशिरा. खड्डा मात्र खालच्या थरातील आधारच गेल्यामुळे पडलेला असतो, आणि कोणतेही मलम तो भरून काढत नाही. फोड नखाने फोडण्याची सवय या दोन्हींना आमंत्रण देते. अभ्यासाला बसलेले मूल पुस्तकावर डोळे ठेवून डाव्या हाताने गाल चाचपत असते, तेव्हा त्याला ओरडून काही उपयोग होत नाही, कारण आपण काय करतो आहोत हेच त्याला कळत नसते. फोडावर लावायची छोटी पारदर्शक पट्टी हल्ली मिळते. ती औषधापेक्षा पहारेकरी म्हणून अधिक उपयोगी पडते.

पंचविशीनंतर, हनुवटी आणि जबड्याच्या कडेने, पाळीच्या आठवड्यात हटकून वाढणाऱ्या मुरुमांचे कारण पुष्कळदा संप्रेरकांत असते. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस वाढत असतील, तर पीसीओएस या अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकाराची तपासणी व्हायला हवी. तिथे फेसवॉश बदलत राहण्यात वर्षे घालवू नयेत.

मुलींच्या चेहऱ्याकडे निदान कुणाचे तरी लक्ष असते, जरी ते बहुतेक वेळा लग्नाच्या चिंतेने असले तरी. मुलग्यांकडे तेवढेही जात नाही, आणि गंभीर स्वरूपाचे मुरूम तर मुलग्यांत जास्त आढळतात. आमच्या सोसायटीतील एका मुलाच्या जबड्यावर आणि पाठीवर तीन वर्षे दुखऱ्या गाठी येत होत्या. "वयाचं आहे, जाईल," असे त्याचे वडील सांगत. मधल्या काळात त्याने व्यायामशाळेत जाऊन व्हे प्रोटीनची पावडर सुरू केली होती, आणि शाकाहारी घर असल्यामुळे थकव्यावर बी-१२ ची इंजेक्शनेही घेतली होती. या दोन्हींमुळे काही जणांचे मुरूम वाढतात हे वैद्यकीय नोंदींत आहे, पण त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मध्येच एका दवाखान्यात त्याला नुसती प्रतिजैविकाची गोळी दिली गेली, जोडीला लावायचे काहीही नाही, आणि ती बंद होताच गाठी परतल्या. अशी गोळी एकटी देऊ नये आणि साधारण तीन-चार महिन्यांपलीकडे चालू ठेवू नये, हा संकेत जिवाणूंना औषध निष्प्रभ करायला शिकवू नये म्हणून आहे.

आता तो आयसोट्रेटिनॉइन घेतो. अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळालेले हे औषध तैलग्रंथीच आकसून टाकते, आणि गंभीर मुरुमांवर त्याच्या तोडीचे दुसरे नाही. गर्भावर त्याचे अत्यंत गंभीर दुष्परिणाम होतात, म्हणून मुलींना ते देताना गर्भधारणा होणार नाही याची खात्री औषधाच्या काळात आणि नंतरही महिनाभर ठेवावीच लागते. मुलग्याच्या बाबतीत यकृत आणि रक्तातील चरबी यांच्या तपासण्या होतात, मनःस्थितीकडेही लक्ष ठेवायला सांगितले जाते. एकूण मात्रा वजनावर ठरते, किलोमागे साधारण १२० ते १५० मिलिग्रॅम. त्याचे वजन ६० किलो, रोजची गोळी ३० मिलिग्रॅमची. म्हणजे किमान ७,२०० मिलिग्रॅम पोटात जायला २४० दिवस, आठ महिने. गोळी स्निग्ध जेवणाबरोबर चांगली शोषली जाते, म्हणून त्याची आई ती रात्रीच्या जेवणात वरणभातावरच्या तुपासोबत देते. त्याचे ओठ सतत फुटतात आणि खिशात व्हॅसलिनची डबी असते. नव्या गाठी येणे थांबले आहे. जबड्यावर पडलेल्या खड्ड्यांचे काय करायचे, हे डॉक्टर औषध पूर्ण झाल्यावर पाहणार आहेत. ते उथळ करता येतील, पूर्ण पुसता येणार नाहीत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत त्याला आणि त्याच्या वडिलांना समोर बसवून सांगितले आहे.